गोधडीला झोळ पडू नये म्हणून

उन्हाळ्यात जळगाव-धुळ्याकडे दुपारी घराबाहेर पाऊल टाकवत नाही. गोधडी शिवायला मला हेच दिवस आवडतात. एकच विनंती: धावदोऱ्याची घाई करू नका, आधी कच्चे टाके, म्हणजे थर हलू नयेत म्हणून तात्पुरते लांब टाके, घाला.

साधारण साडेपाच मीटरची जुनी सुती साडी मधोमध कापून दोन्ही तुकडे लांबीच्या बाजूने जोडले की एक थर होतो. असे दोन थर वर-खाली आणि मध्ये जुनी धोतरं, चादरी. सगळं कापड आधी धुऊन कडक वाळवा. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, आणि एक थर आटला नि दुसरा नाही, तर गोधडी कायमची चुरगळते. रंग जातो का, तेही ओलं पांढरं फडकं घासून बघा.

मग फरशीवर थर अंथरून चारही कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, जे जड मिळेल ते ठेवा. हाताने मधून कडेकडे सपाट करा. कच्चे टाकेही मधूनच सुरू करून कडेला न्या, वीतभर अंतराने. कडेकडून आत आलात तर जास्तीचं कापड मध्ये गोळा होतं आणि तिथेच झोळ बसतो. माझ्या पहिल्या गोधडीचा मधला भाग मला सगळा उसवावा लागला होता.

पक्क्या धावदोऱ्याच्या ओळी दोन बोटांच्या अंतराने घ्या. दोरा हातभरच ठेवा, लांब दोऱ्याला गाठी पडतात. कच्चे टाके सगळं शिवून झाल्यावरच काढा.