आगटी पेटवायच्या मेणवड्या घरी करताय? या चुका टाळा

थंडी पडली, ज्वारीचा दाणा दुधात भरला, की सोलापुरात रविवारची वाट शेताकडेच जाते. हुरड्यासाठी गूळभेंडी ज्वारीची कणसं तयार असतात, ती भाजायला आगटी, म्हणजे गवऱ्या पेटवायचा खड्डा, खणलेली असते, आणि गवऱ्या मात्र दवाने सर्द झालेल्या असतात. निम्मी काडेपेटी संपते, फुंकून फुंकून डोळ्यांतून पाणी येतं. मग कुणीतरी गाडीतलं पेट्रोल काढायला उठतं. त्याला तिथंच थांबवा. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते आणि काडी ओढताच भडका थेट अंगावर येतो.

त्यापेक्षा आठवडाभर आधी घरच्या टाकाऊ वस्तूंतून मेणवड्या करून ठेवाव्यात. अंड्यांच्या कागदी ट्रेच्या खळग्यांत सूत किंवा लाकडाचा भुसा भरायचा, वरून दिवाळीतल्या उरलेल्या मेणबत्त्या वितळवून ओतायच्या, गार झालं की एकेक खळगा कापून घ्यायचा. कृती सोपी आहे, पण ती बिघडते ठरावीक ठिकाणीच.

सगळ्यात मोठी चूक सुताची. आपल्याकडे टॉवेल-चादरींच्या मागांखालचं सूत सहज मिळतं, म्हणून पिशवी भरून आणलं जातं. मीही पहिल्या वर्षी तसंच रंगीत सूत आणलं होतं. वड्या झकास पेटल्या, पण धूर काळा निघाला आणि पहिल्याच कणसाला जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. आमच्या मामांनी दाणे हातावर चोळले, हुंगले आणि म्हणाले, "हे लेकरांना देऊ नगंस." सगळी कणसं टाकून द्यावी लागली. त्या सुतात पॉलिस्टर होतं.

तेव्हापासून एक धागा चिमट्यात धरून जाळून बघितल्याशिवाय मी सूत घेत नाही. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही कागदाचाच येतो आणि मागे बोटावर चुरगळणारी करडी राख उरते. पॉलिस्टर आक्रसतं, थेंबासारखं वितळतं आणि टोकाला कडक मणी होतो. मणी दिसला की ते सूत बाजूला. धागे मिसळलेले असतील, तर पिशवीतल्या चार-पाच जागचे धागे तपासा. चकचकीत कागद, चहाचे कागदी कप, प्लॅस्टिकचा ट्रे हेही बाजूलाच. चुलीवर निदान मध्ये तवा असतो. हुरड्याचं कणीस तर थेट आरात, म्हणजे निखाऱ्यांत जातं. रंगीत, सुवासिक मेणबत्त्याही म्हणूनच नकोत.

मेण वितळवताना पातेलं थेट गॅसवर ठेवू नका. साधं मेण साधारण ६० अंशांच्या आसपास वितळतं, त्याला उकळत्या पाण्याची ऊब पुरते. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात मेणाचा डबा, आच मंद, आणि मेण वितळेपर्यंत तिथून हलायचं नाही. थेट आचेवर मेण तापत जातं, धुरायला लागतं आणि पेट घेतं. तसं झालंच तर गॅस बंद करा, वर झाकण टाका. पाणी अजिबात ओतू नका: तळाशी जाऊन त्याची क्षणात वाफ होते आणि जळतं मेण चहूकडे उडतं.

वडी पेटतच नाही? मेण जास्त झालंय. सूत वातीचं काम करतं, मेण हे इंधन. वात मेणात पुरती बुडाली तर ज्योत धरणार कुठून? सूत दाबून ठासू नका, मेण वर तरंगण्याआधी हात थांबवा, आणि कागदाचं एक टोक कोरडं राहू द्या. काडी त्या टोकाला लावायची. उलट, वडी भसकन पेटून विझत असेल तर मेण कमी पडलंय.

वडी गवऱ्यांच्या वर ठेवून काही होत नाही. तळाशी वडी, तिच्यावर बोटभर जाडीच्या तुराट्या, मग उभ्या टेकवलेल्या गवऱ्या, आणि वारा आत शिरायला एक बाजू मोकळी. वडी पुरती जळून गवऱ्यांचा लालबुंद आर होईपर्यंत कणसं आत खुपसू नका. ज्योतीत घातली तर वरून करपतात, आत दाणा कच्चा राहतो आणि मेणाची काजळीही लागते.

उरलेल्या वड्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, गॅस आणि देवघरापासून लांब ठेवा. पत्र्याच्या खोलीत मात्र नको. एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात मेण मऊ पडतं आणि सगळ्या वड्यांचा एकच गोळा होतो.