आधी त्याच्या बाकावर बसा: शाळेत काम करणाऱ्या ऑडिओलॉजिस्टसाठी

शाळेत पहिल्या भेटीला जाल तेव्हा मुलाच्या कानाला हात लावण्याआधी त्याच्या बाकावर जाऊन बसा. निदान एक पूर्ण तास. मी कमी ऐकू येणाऱ्या शाळकरी मुलांबरोबर ऑडिओलॉजिस्ट म्हणून, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणारी आणि श्रवणयंत्रं बसवणारी म्हणून, काम करते आणि माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिलं काम हेच देते. आपण तपासणी करतो ती खोली बंद आणि शांत असते, आणि तिथे एका वेळी एकच आवाज असतो. मूल शिकतं ते अशा खोलीत नाही. वर्गात बाकं सरकत असतात, बाहेर कुणाचा तरी खेळाचा तास चालू असतो आणि शिकवणाऱ्या बाई फळ्याकडे तोंड करून बोलत असतात.

बसल्यावर तीन गोष्टी बघा. बाईंचा आवाज इथपर्यंत येईतो किती उरतो? मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. एक मीटरवर ६५ डेसिबल असलेलं बोलणं चार मीटरवर ५३ च्या आसपास येतं. खोलीत भिंतींवरून परतणाऱ्या आवाजामुळे तो याहून कमी उतरतो खरा, पण तो परतलेला आवाज आधीचं अक्षर नंतरच्या अक्षरावर सांडवतो. म्हणून दुसरी गोष्ट म्हणजे खोली किती घुमते. एकदा टाळी वाजवून ऐका. अमेरिकेत २००२ साली वर्गांसाठी ठरलेल्या ध्वनिमानकात, मध्यम आकाराच्या रिकाम्या वर्गात मागचा आवाज (बोलण्याखेरीज चालू असलेला गोंगाट) ३५ डेसिबलच्या वर नको आणि घुमणं ०.६ सेकंदांच्या आत हवं, असं आहे. खरे वर्ग यापासून किती लांब असतात ते तुमचं तुम्हालाच कळेल. तिसरी गोष्ट, मागचा आवाज नेमका कुठून येतो. कमी ऐकू येणाऱ्या मुलाच्या कानाशी शिक्षकांचा आवाज मागच्या आवाजापेक्षा १५ डेसिबलने वर असायला हवा. दार लावणं, खुर्च्यांच्या पायांना जाड कापड किंवा रबर लावणं, मागच्या भिंतीवर पडदा किंवा कापडी फलक टांगणं, एवढ्यानेही फरक पडतो.

शिक्षकांना ऑडिओग्राम कसा सांगायचा

ऑडिओग्राम म्हणजे कुठल्या कंपनसंख्येचा आवाज किती जोरात असला की मुलाला ऐकू येतो, याचा आलेख. तो दाखवला की "किती टक्के ऐकू येतं?" हा प्रश्न येणारच. टक्क्यांत उत्तर देऊ नका. डेसिबल म्हणजे टक्के नव्हेत, आणि "साठ टक्के ऐकू येतं" म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, जरा मोठ्याने बोललं की भागेल. बहुतेक मुलांची अडचण वेगळी असते. त्यांना आवाज येतो, शब्द येत नाही.

हे दाखवायला मी फळा वापरते. पाट, ताट, खाट, काठ असे शब्द लिहिते आणि प्रत्येकातलं पहिलं अक्षर पुसते. मधला 'आ' जोरकस, खालच्या कंपनसंख्येचा, म्हणून तो टिकतो. त, ख, स, श यांची ताकद मुळातच कमी, आणि त्यांची ओळख पटते ती वरच्या कंपनसंख्येत. ज्या मुलाचा ऑडिओग्राम २००० हर्ट्झनंतर खाली घसरतो, त्याच्यापाशी हे चारही शब्द जवळजवळ सारखेच पोचतात. वाक्यात असेल तर ते संदर्भावरून ओळखतं. नवा शब्द असेल तर ओळखायला काहीच नसतं.

मराठीत यातला सगळ्यात नाजूक भाग म्हणजे शेवटचा 'स'. पाचवीतल्या एका मुलीबद्दल तक्रार होती की तिला विचारलं की ती दुसऱ्यांकडे बघते, उद्धटपणा करते. मी तिच्या शेजारी बसले होते. बाई म्हणाल्या, "वही आणली नाहीस?" आणि ती खरंच मागे वळून बघायला लागली. तिच्या कानावर पडलं होतं "वही आणली नाही". कुणी आणली नाही, हे ती शोधत होती. त्या एका 'स'वर तिचा सगळा स्वभाव ठरवला गेला होता. तिच्या श्रवणयंत्रातून वरच्या कंपनसंख्येचा भाग पुरेसा मिळत नव्हता. कानाचा नवा साचा (यंत्राचा आवाज कानात पोचवणारा, कानाच्या मापाचा तुकडा) घेतला, कानात नळी घालून प्रत्यक्ष मोजमाप केलं आणि मग यंत्र परत बसवलं. मुलांच्या कानाची पोकळी लहान असते, त्यामुळे तोच आवाज त्यांच्या पडद्याशी मोठ्या माणसापेक्षा जास्त होऊन पोचतो. म्हणूनच ही मोजणी टाळून अंदाजाने यंत्र बसवणं मला मान्य नाही.

रोज सकाळची सहा आवाजांची चाचणी

ही कर्णबधिर मुलांना बोलायला शिकवण्यावर काम केलेल्या डॅनियल लिंग यांची चाचणी. म, ऊ, आ, ई, श, स. हे सहा आवाज बोलण्याच्या खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत पसरलेले आहेत. दोन मिनिटं लागतात, आणि ती वर्गशिक्षकांनीच रोज करायची असते. तुमचं काम त्यांना ती नीट शिकवणं.

नीट म्हणजे काय ते सांगते, कारण इथेच गडबड होते. 'स' म्हणताना आपण सवयीने त्याला 'अ' जोडतो. मूल तो 'अ' ऐकून हात वर करतं आणि आपण खूश होतो. नुसतं "स्स्स" म्हणायचं. तसंच "श्श्श" आणि ओठ मिटून "म्म्म". मुलाच्या बाजूला किंवा मागे उभं राहायचं, म्हणजे ओठ दिसणार नाहीत. तोंडासमोर हात धरू नका, हातानेच वरचे आवाज अडतात. दोन आवाजांमधलं अंतर रोज बदला, मध्ये एखादा क्षण काहीच म्हणू नका. मुलं लय ओळखण्यात फार हुशार असतात. आधी एक मीटरवरून, मग तीन मीटरवरून, आणि दोन्ही कान वेगवेगळे. नुसता हात वर करण्यापेक्षा ऐकलेला आवाज परत म्हणून दाखवायला सांगा. ऐकू येणं आणि ओळखता येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

काल आलेला आवाज आज आला नाही, तर आधी यंत्र तपासा. सेल संपलाय का, साच्याच्या नळीत घामाचा किंवा वाफेचा थेंब अडकलाय का, मळ बसलाय का. नळीतलं पाणी रबरी फुग्याने फुंकून काढायचं. साचा यंत्रापासून सोडवून धुता येतो, यंत्राला मात्र पाणी लागू द्यायचं नाही. सेलवरचं चिकट कागदाचं पान काढलं की तो हवेवर चालायला लागतो. मिनिटभर तसाच ठेवून मग घाला. पान परत चिकटवून सेल वाचत नाही. पानाचा रंग आकार सांगतो: ३१२ तपकिरी, १३ नारिंगी, ६७५ निळा. सेल लहान मुलांच्या हाती लागेल असा कुठेही ठेवू नका. कुणी गिळलाच तर वाट न बघता दवाखाना गाठायचा.

यंत्र शिट्टी वाजवत असेल तर बहुतेकदा साचा नीट बसलेला नसतो किंवा कान वाढून साचा सैल झालेला असतो. आवाज कमी करून शिट्टी थांबवणारे शिक्षक आणि पालक मी खूप पाहिले. शिट्टी थांबते आणि मुलाचं ऐकणंही थांबतं. साचा बदला.

एक चूक मी स्वतः केली आहे, ती सांगते. एका मुलाला दोन भेटींमध्ये मी विचारलं, "नीट ऐकू येतंय ना?" दोन्ही वेळा त्याने मान डोलावली आणि मी तसं नोंदवलं. तिसऱ्या वेळी स्टेथोस्कोपसारखी नळी त्याच्या यंत्राला लावून ऐकलं, तर उजवं यंत्र बंद. किती दिवस बंद होतं ते त्यालाही सांगता येईना. त्याला मला नाराज करायचं नव्हतं. त्या दिवसापासून हा प्रश्न मी विचारत नाही आणि शिक्षकांनाही विचारू देत नाही. "मी आत्ता काय सांगितलं?" असं विचारा. आणि यंत्र स्वतःच्या कानाने ऐका.

बाक, माइक आणि बोलणं

पहिल्या बाकावर बसवलं की झालं, असं सगळ्यांना वाटतं. पहिल्या बाकावरच्या मुलाला मागून उत्तर देणारं कुणीच दिसत नाही, आणि वर्गातलं अर्धं शिकणं इतरांच्या उत्तरांतून होतं. दुसऱ्या किंवा तिसऱ्या रांगेत, कडेला, चांगला कान वर्गाकडे राहील असं बसवा. तिथून थोडं वळलं तरी शिक्षक आणि वर्ग दोन्ही दिसतात. एकाच कानाने ऐकणाऱ्या मुलांकडे "दुसरा कान चांगला आहे की" म्हणून दुर्लक्ष होतं. १९८० च्या दशकात फ्रेड बेस आणि अ‍ॅन मेरी थार्प या अमेरिकी ऑडिओलॉजिस्टनी अशा मुलांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांतली सुमारे ३५ टक्के मुलं एकदा तरी त्याच इयत्तेत मागे राहिली होती.

शिक्षकांनी लावायचा, त्यांचा आवाज थेट मुलाच्या यंत्रात पाठवणारा रिमोट माइक हा अंतरावरचा सगळ्यात चांगला उपाय. माइक तोंडापासून १५ सेंटिमीटरच्या आसपास, छातीवर मधोमध. त्यावर गळ्यातली साखळी आपटू देऊ नका. दुसऱ्या मुलाशी त्याच्या बाकापाशी जाऊन बोलताना माइक बंद करायचा, वर्गाबाहेर जातानाही. गटात काम असेल तेव्हा माइक हातोहात फिरवा. बोलेल त्याच्या हातात माइक, हा नियम सगळ्या वर्गालाच चांगला. आणि माइक मिळाला म्हणून समाधान मानू नका. मुलाला सोपी वाक्यं परत म्हणायला लावा: जवळून आणि लांबून, शांततेत आणि गोंगाटात, तोंड दिसताना आणि न दिसताना, माइकसह आणि माइकशिवाय. आकडे मांडून मुख्याध्यापकांसमोर ठेवा. लांबून, गोंगाटात, तोंड न दिसताना काय होतं, हे वाचल्यावर माइकची गरज वेगळी पटवावी लागत नाही.

बोलण्याबद्दल शिक्षकांना फार लांबण लावू नका, थोडंच सांगा. ओरडू नका, ओरडण्याने अक्षरं वाकडी होतात. कळलं नाही तर तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हणण्यापेक्षा शब्द बदला. मागच्या मुलाने दिलेलं उत्तर सगळ्यांसाठी पुन्हा म्हणा. विषय बदलला की तो फळ्यावर लिहा. आणि श्रुतलेखन घेताना वर्गात फेऱ्या मारू नका. बाकांमधून चालत, मुलाकडे पाठ फिरवून सांगितलेलं श्रुतलेखन ही त्या मुलाच्या कानांची परीक्षा होते, लेखनाची नाही. यावर मी दरवर्षी भांडते आणि भांडत राहीन.

शेवटच्या तासाला ही मुलं गळून जातात. दिवसभर प्रत्येक वाक्य जुळवत बसायचं, याची दमणूक वेगळी असते. महत्त्वाची तोंडी परीक्षा सकाळी घ्या. घरी गेल्यावर मूल यंत्र काढून थोडा वेळ शांत बसलं, तर त्याला बसू द्या, हेही पालकांना सांगा.

शेवटचं पान

अहवाल शाळेसाठी वेगळा लिहा. एकच पान. त्यात आलेख नको. बसायची जागा, माइकचा नियम, रोजची चाचणी, सेलचा आकार आणि यंत्र बंद पडलं तर काय करायचं, एवढंच. ते हजेरीच्या वहीत पहिल्या पानावर चिकटवून घ्या, म्हणजे बदली शिक्षकांच्याही हाती पडेल. आणि पानाच्या तळाशी दोन ओळी मोकळ्या सोडा, त्या मुलाने स्वतः लिहायच्या. "मला ऐकू येत नाही" यापेक्षा नेमकं काय हवं ते लिहायला शिकवा. एका मुलाने बराच वेळ पेन्सिल चावत बसून लिहिलं होतं: "डावीकडून हाक मारू नका. पुढे या, मग बोला. आणि गोष्ट सांगताना खिडकीकडे बघू नका, मला शेवट कळत नाही."