कापसाच्या जुन्या पट्टीवरून रुपयाची खरी किंमत कशी काढायची

दहा वर्षांपूर्वीची कापूसविक्रीची पट्टी (विक्रीची पावती) पेटीत सापडली तर फेकू नका. महागाई मोजायला ती फार कामाची आहे.

उदाहरणाला हमीभाव घेऊ, तुम्ही पट्टीवरचा भाव टाका. मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव 2014-15 मध्ये क्विंटलला 3,750 रुपये होता, 2024-25 मध्ये 7,121. म्हणजे 1.9 पट. आता ग्राहक किंमत निर्देशांक, म्हणजे घरखर्चाच्या वस्तूंचे भाव किती वाढले ते सांगणारा सरकारी आकडा घ्या (2012 चे भाव = 100). त्याची वार्षिक सरासरी तेव्हा सुमारे 119 होती, 2024-25 मध्ये सुमारे 193. नव्याला जुन्याने भागा : 1.62. मग 3,750 × 1.62 = 6,075. तेव्हा क्विंटलभर कापसाच्या पैशात जेवढा बाजार यायचा, तेवढ्याला 2024-25 मध्ये 6,075 लागले. कागदावर हमीभाव पुढेच होता. मात्र खेडा खरेदीत, म्हणजे गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला, माल 6,000 ने गेला, तर तुम्ही मागे पडलात.

भागाकार करताना दोन्ही आकडे एकाच पायाच्या (ज्या वर्षाचे भाव 100 धरले ते वर्ष) मालिकेतले हवेत. शेतमजुरांच्या जुन्या निर्देशांकाचा पाया 1986-87 आहे. तो इथे मिसळला तर उत्तर भलतंच येईल.

हमखास होणारी चूक अशी : भाव 62 टक्के वाढले, म्हणजे रुपया 62 टक्के घसरला. तसं नसतं. 1 भागिले 1.62 म्हणजे 0.62. 2024-25 चे शंभर 2014-15 च्या 62 रुपयांएवढे. घट 38 टक्के. तसंच 62 ला दहाने भागून वर्षाला 6.2 टक्के म्हणू नका. वाढ चक्रवाढ असते, दर 5 टक्क्यांच्या आसपास निघतो. या दराने भाव दुप्पट व्हायला चौदा-साडेचौदा वर्षं लागतात (ठोकताळा : 72 भागिले दर, इथे 72 भागिले 5).

पण निर्देशांक म्हणजे तुमचं घर नव्हे. 2012 च्या मालिकेत ग्रामीण भागासाठी खाण्यापिण्याचा वाटा 54.18 टक्के आहे, आणि वेचाई, निंदण, डवरणी त्यात नाहीच. म्हणून घरची महागाई वेगळी काढा. किराण्याच्या जुन्या वहीतून महिन्याचा माल लिहा, नग नाही तर वजन. तेलाचा पाऊच तोच दिसतो, पण लिटरचे साधारण 910 ग्रॅम होतात. त्यावर कमी ग्रॅम छापले असतील तर भाव किलोत काढा. घरची तूर-ज्वारी फुकट धरू नका, बाजारभावाने मांडा. तोच माल, तेवढाच, आजच्या भावाने जोडा आणि जुन्या बेरजेने भागा.

शेतीसाठी रुपयाऐवजी क्विंटलच माप करा. समजा, सालगड्याचं (वर्षभरासाठी ठेवलेल्या गड्याचं) साल, म्हणजे वर्षाची मजुरी, 2014-15 मध्ये पाडव्याला 50,000 ला ठरलं होतं आणि 2024-25 मध्ये 1,20,000 ला. हमीभावाने आधी साधारण सव्वातेरा क्विंटल कापूस लागायचा, नंतर जवळपास सतरा. निर्देशांकाच्या पुढे गेलेला हमीभाव इथे मागे राहतो! आकडे आपल्या गावचे टाका.

याचा थेट उपयोग मक्त्याने (ठरलेल्या रकमेवर कसायला) जमीन देताना होतो. तीन वर्षांचा मक्ता एकाच रकमेवर लिहिला, तर तिसऱ्या वर्षी मालक घाट्यात जातो. पहिल्या वर्षी एकराला 15,000 असतील, तर 5 टक्के वाढीने दुसऱ्या वर्षी 15,750 आणि तिसऱ्या वर्षी 16,538 असे आकडे करारातच लिहून घ्या.