बरबटीचा रस्सा, सहा माणसांच्या डब्ब्याचा

बरबटी म्हणजे पुण्याकडची चवळी. वर्धा जिल्ह्यात आर्वीकडच्या आमच्या वावरात कपाशीच्या कडेनं तिच्या दोन ओळी असतात, त्यामुळे दाणे घरचे. विकत लागतं ते तेल, खोबरं आणि कधीमधी आलू. कापूस वेचणीत सकाळी आठच्या आत वावरात पोचायचं असतं, म्हणून हा रस्सा आदल्या रात्रीच सुरू होतो.

दोन वाट्या बरबटी सुपात घ्या. खडे तर पाहाच, पण भोकं पडलेले दाणेही काढून टाका, त्यात भुंगा असतो. मग भरपूर पाण्यात भिजत घाला, दाणे दुपटीहून जास्त फुगतात. थंडीत पाणी कोमट घ्या. आधी मीठ घातलं तर दाणा शिजत नाही म्हणतात. मी भिजवतानाच चमचाभर घालते, माझं तरी कधी बिघडलं नाही.

सकाळी ते पाणी फेका आणि शिजायला ताजं घ्या, तेही जमलं तर विहिरीचं. आमच्या बोअरचं पाणी क्षाराचं आहे, त्यात तासभर इंधन जाळलं तरी दाणा टणकच. दुसरं पाणीच नसेल तर चिमूटभर सोडा घाला. चिमूटभर म्हणजे चिमूटभरच, नाहीतर रस्सा साबणासारखा लागतो. चुलीवर गंजात, म्हणजे पातेल्यात, पाऊण तास, कुकरमध्ये तीन शिट्ट्या. दाणा दोन बोटांत चिरडला की झालं.

आंबट मात्र तोवर जवळ आणू नका. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी मी घाईत टमाटर सुरुवातीलाच टाकले होते. दुपारी वावरात बाया कडाकडा चावत बसल्या. एक म्हणाली, "काय वं सूनबाई, फुटाने आनले का?" आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी टमाटरची टोपली मला दिसली ती माळ्यावर, माझा हात पोचणार नाही अशी.

दाणे शिजताहेत तोवर वाटण करा. दोन कांदे सालीसकट निखाऱ्यात भाजा, साल काळी पडली पाहिजे. गॅस असेल तर जाळीवर ठेवा, चव थोडी कमीच येते. सोबत लसणाची एक गड्डी, अद्रकाचा तुकडा, दोन चमचे धने, चमचाभर जिरं आणि सुक्या खोबऱ्याचा बोटभर तुकडा. खोबरं महाग वाटलं तर मी मूठभर फल्लीदाणे, म्हणजे शेंगदाणे, भाजून टाकते. जवसही चालतं, पण एक चमचाच. जास्त झालं की रस्सा चिकट होतो.

दोन पळ्या फल्लीचं तेल तापवा, मोहरी, मग वाटण. कडेनं तेल सुटेपर्यंत परता, इथे घाई केली तर कच्च्या लसणाचा वास जात नाही. हळद, आणि तिखट आपापल्या सोसण्यानुसार. भिवापुरी मिरचीचं तिखट असेल तर हात आखडता घ्या. आता दोन आलूंच्या मोठ्या फोडी, त्या अर्ध्या शिजल्या की चार वांगी, आणि सगळ्यात शेवटी लाल कोहळ्याच्या फोडी, कारण ते लवकर विरघळतं. मग बरबटी तिच्या शिजल्या पाण्यासकट ओता. ते पाणी टाकून देणारी माणसं मी पाहिली आहेत. रस्सा घट्ट त्यानंच होतो. वरून मीठ, दोन टमाटर चिरून, दहा मिनिटं उकळी, आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर.

सोबत ज्वारीची भाकर, माणशी दोन, आणि फोडलेला कांदा. डब्बा वावरात उघडेस्तोवर रस्सा आणखी आटतो, म्हणून चुलीवरून उतरवताना पातळच ठेवा.

उरलाच तर संध्याकाळी त्यात दोन तांबे पाणी घालून ज्वारीच्या कण्या शिजवते. पोरं सकाळच्या भाजीपेक्षा त्याच जास्त खातात.