फटाके उडवताना: वात पेटण्याआधी आणि फटाका विझल्यावर

आधी जागा बघा. वर विजेच्या तारा, फांद्या, वाळत घातलेले कपडे नकोत. गॅलरी, जिना आणि गच्चीचा कठडा या फटाक्यांच्या जागाच नव्हेत. पाण्याच्या दोन भरलेल्या बादल्या, एक वाळूची बादली आणि लांब चिमटा हाताशी ठेवा. न उडवलेले फटाके झाकणाच्या डब्यात, वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला, आणि दर वेळी एकच बाहेर काढायचा. खिशात तर एकही नको. कपडे सुती, अंगाला बसणारे; नायलॉन, पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं. पायांत बंद बूट.

पेटवायला लांब उदबत्ती घ्या. काडीपेटीची ज्योत वाऱ्याने वळते आणि हातही फटाक्याच्या फार जवळ जातो. फटाका सपाट जमिनीवर ठेवा, बाजूला उभे राहा, हात लांब करून वातीच्या टोकाला निखारा लावा आणि मागे सरका. भुईनळ्यावर वाकून बघणं सर्वांत वाईट. तो कधीकधी फुटतोही आणि तेव्हा तोंड नेमकं त्याच्यावर असतं. वात तोडून आखूड करू नका, मागे सरकायला वेळच उरत नाही. डबा किंवा करवंटीखाली फटाका लावण्याची हौस सोडा. फटाक्यापेक्षा उडालेले तुकडे जास्त इजा करतात.

बाणाची काडी मोडली की तो सरळ जात नाही, कुठेही वळतो. काचेच्या बाटलीऐवजी वाळूच्या बादलीत पाइपचा तुकडा रोवा, माणसांच्या विरुद्ध बाजूला किंचित कललेला. पाइपात वाळू नको, काडी सैल सरकली पाहिजे.

फुलबाजी मात्र उगाच निरुपद्रवी समजली जाते. तिच्या ठिणग्या हजार अंश सेल्सिअसच्या घरात असतात आणि विझल्यावरही तार बराच वेळ चटका देते. काळी पडलेली तार गार झाली असं वाटतं, तिथेच अनवाणी पाय पडतो. म्हणून विझली की तार सरळ पाण्यात. एकीवरून दुसरी पेटवायची तर पेटती फुलबाजी एकमेकांच्या हातात देऊ नका. पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती फुलबाजी देऊच नये.

फुसका निघाला तर? आतली वात धुमसत असू शकते. वीस मिनिटं कोणीही जवळ जायचं नाही, फुंकर नाही, पुन्हा पेटवणं नाही. मग लांबून तांब्याभर पाणी ओता, चिमट्याने उचलून बादलीत टाका आणि रात्रभर भिजू द्या. विझलेला कचराही भिजवूनच टाका, कारण कोरड्या ढिगात एखादी ठिणगी तासाभरानेही पेट घेते. ओले झालेले फटाके चुलीजवळ वाळवू नका.

भाजलं तर वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरा. बर्फ, टूथपेस्ट, तूप, शाई काही लावू नका. चिकटलेलं कापड ओढू नका, फोड फोडू नका. डोळ्याला इजा झाली तर चोळायचं नाही, दाबायचं नाही. डोळ्यावर कागदी कप उपडा धरून सैल चिकटवा आणि थेट डॉक्टरांकडे न्या.