एल्कच्या शिकारीच्या मोसमाआधी गुडघे तयार करा: कोलोराडोत नव्याने आलेल्यांसाठी

दर वर्षी मराठी मंडळात गणपतीची आरती झाली, पानं वाढायला सुरुवात झाली, की एखादा नवा मुलगा माझ्या शेजारी येऊन बसतो आणि हळूच विचारतो, "काका, ऑक्टोबरमध्ये एल्कला जायचंय, रायफल कुठली घेऊ?" मी त्याला उलट विचारतो, "पाठीवर वीस किलो घेऊन डोंगर शेवटचा कधी उतरलास?" तो गप्प होतो. सप्टेंबरात हे बोलून काही उपयोग नसतो, तोवर वेळ निघून गेलेली असते. म्हणून यंदा हे मार्चमध्येच लिहितोय.

मी सतरा वर्षं डेन्व्हरच्या पश्चिमेला राहतो आणि त्यातली बारा वर्षं एल्कच्या, म्हणजे इथल्या मोठ्या हरणाच्या, शिकारीला जातो. माझ्याआधी आमच्या ओळखीत कोणी मराठी माणूस जात नव्हता, त्यामुळे मला सांगणारं कोणी नव्हतं. तुम्हाला आहे.

कागदपत्रांचं आधी उरकून टाकतो. १ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला इथे शिकारीचा सुरक्षा-कोर्स करावा लागतो. परवान्यांच्या सोडतीचा अर्ज एप्रिलच्या पहिल्या मंगळवारपर्यंत. रहिवासी दराने परवाना हवा असेल तर राज्यात सलग सहा महिने काढलेले असावे लागतात. रायफलच्या मोसमात अंगावर ५०० चौरस इंच झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी कापड आणि त्याच रंगाची टोपी. आणि एच-वन किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर नीट ऐका: तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगायला बंदी आहे. चालू मुदतीचा शिकारीचा परवाना हातात असेल तर त्यातून सूट मिळते. मित्राच्या रायफलला हात लावण्याआधीसुद्धा वकिलाला विचारा. इथे चूक झाली तर ग्रीन कार्डाचं स्वप्न विसरावं लागेल.

आता मुद्द्यावर येतो.

पुण्या-नाशिककडून आलेला प्रत्येक जण मला सांगतो की तो दर रविवारी सिंहगड चढायचा किंवा त्याने कळसूबाई चार वेळा केलंय. मला सह्याद्रीचा अभिमान आहे, मीही तिथलाच. पण हिशोब करा. कळसूबाईचा माथा १,६४६ मीटर, म्हणजे महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच ठिकाण. डेन्व्हर शहर १,६०९ मीटरवर. तुम्ही इथे भाजी आणायला जाता तेव्हाच जवळजवळ कळसूबाईवर असता. एल्क ऑक्टोबरात ज्या उताराला सापडतं ते नऊ ते अकरा हजार फुटांवर, म्हणजे साधारण आणखी एक कळसूबाई वर. दहा हजार फुटांवर प्रत्येक श्वासात समुद्रसपाटीच्या मानाने तीस टक्क्यांच्या आसपास प्राणवायू कमी येतो. आणि सिंहगडावर तुम्ही पिठलं-भाकरी खाऊन रिकाम्या हाताने उतरत होता.

रिकाम्या हाताने. हाच सगळा फरक आहे.

एल्क म्हणजे आपल्या सांबराचा नातलग. मादी सव्वादोनशे किलोच्या घरात, नर तीनशेच्या पुढे. मादीचं हाडं काढलेलं मांस साठ-सत्तर किलो भरतं, नराचं नव्वदपर्यंत जातं. ते ट्रकपर्यंत कोण आणणार? तिथे गाडी जात नाही. घोडा भाड्याने मिळतो, पण आयत्या वेळी मिळेल या भरवशावर राहू नका. आणि खाण्याजोगं मांस जंगलात टाकून येणं हा कोलोराडोत गुन्हा आहे. पुढचे पाय, मागचे पाय, पाठीचं मांस, सगळं आणायचं. कायदा नसता तरी आणलंच पाहिजे.

माझी चूक आता सविस्तर सांगतो, कारण ती दर वर्षी कोणी ना कोणी नव्याने करतं.

२०१६ ची गोष्ट. कोलोराडोतल्याच फ्लॅट टॉप्स या डोंगराळ भागात रायफलचा दुसरा मोसम, ऑक्टोबरचा शेवट. मी सहा महिने रोज सकाळी ट्रेडमिलवर धावलो होतो. पाच मैल, घाम निथळेपर्यंत. वजन नऊ किलोने उतरलं होतं, मंडळात सगळे कौतुक करत होते. बरोबर नाशिकचा एक मित्र. तिसऱ्या दिवशी दुपारी चारला मादी मिळाली, ट्रकपासून साडेतीन मैलांवर आणि अठराशे फूट वर. मी मित्राला म्हणालो, "नशीब बघ, आता सगळा उतारच आहे."

हे वाक्य मी आजही विसरलेलो नाही.

हाडं काढायला आम्हाला येत नव्हतं, म्हणून अख्खी तंगडी पाठीवर घेतली. तीसेक किलो. अंधार पडला होता. पहिला मैल ठीक गेला. दुसऱ्या मैलात मांड्या थरथरायला लागल्या आणि पाऊल टेकवण्याऐवजी आदळायला लागलं. पडलेल्या ऐस्पनच्या एका खोडावरून खाली उतरताना डावा गुडघा वळला आणि आत काहीतरी सटकलं. आवाज मला ऐकू आला. उरलेलं अंतर मी दोन काठ्यांवर पाच तासांत काढलं.

मित्र एकटा किती आणणार? दुसऱ्या दिवशी शेजारच्या तंबूतले दोन म्हातारे आपणहून वर गेले. एक जण पासष्टचा होता. आमची ओळख नव्हती, त्यांनी पैसे घेतले नाहीत, नावसुद्धा नीट सांगितलं नाही. पण तोवर ऊन चढलं होतं. घाईत आम्ही मागची एक तंगडी फांदीला टांगायची सोडून दुसऱ्या पिशवीखाली ठेवून आलो होतो. हाडाजवळची ऊब निघूनच गेली नाही. पिशवी उघडली तेव्हा खुब्याच्या सांध्यापाशी मांस हिरवट पडलं होतं आणि तो आंबट वास आला. वीसेक किलो फेकावं लागलं. गुडघ्याची गादी फाटली होती, ऑपरेशन झालं, विम्यातला माझा वाटा चार हजार डॉलर, पुढचा मोसम बुडाला. ते सगळं भरून आलं. पण एका जनावराचा जीव घेतला आणि त्याचं मांस माझ्या पायांच्या कमकुवतपणामुळे सडलं, हे मला अजून टोचतं.

म्हणून सांगतो, शिकारीची तयारी म्हणजे उतरण्याची तयारी. चढताना मांडीचा स्नायू आखडून काम करतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना वजन पेलतो, गाडीच्या ब्रेकसारखा. या कामाची सवय धावून होत नाही, सायकलने होत नाही, ट्रेडमिलने तर नाहीच. सवय नसेल तर स्नायू लवकर थकतो, आणि तो थकला की सगळा दणका गुडघ्यावर येतो. सवय उतरूनच होते.

एप्रिलमध्ये सुरू करा. पहिला महिना पाठीवर काहीच नको. आठवड्यातून तीन दिवस पाऊण तास भराभर चालणं आणि दोन दिवस बैठका. आपल्या तालमीतल्या बैठकांइतकी चांगली गोष्ट इथल्या कुठल्याही जिममध्ये मी पाहिली नाही. सोबत बारा सूर्यनमस्कार, कंबर आणि खुबे मोकळे राहतात.

त्याबरोबर जिन्याचा एक व्यायाम, हा चुकवू नका. सगळ्यात खालच्या पायरीवर एका पायावर उभं राहा, दुसरा पाय पुढे हवेत. उभ्या पायाचा गुडघा वाकवत, मनात तीन मोजत, पुढची टाच जमिनीला नुसती शिवेपर्यंत खाली या. टाचेवर भार टाकायचा नाही. परत वर. गुडघा आत, अंगठ्याकडे झुकता कामा नये, पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे. आरशासमोर करा. प्रत्येक पायाला दहा, तीन वेळा. पहिल्या आठवड्यात दुसऱ्या दिवशी मांड्या धरतील, ते चालेल. गुडघ्यात कळ आली तर थांबा आणि फिजिओला दाखवा.

मेपासून वजन. त्यासाठी महागड्या लोखंडी प्लेटा घेऊ नका. देशी दुकानातली दहा पौंडांची तांदळाची पिशवी म्हणजे साडेचार किलो. ती टॉवेलात घट्ट गुंडाळून पिशवीत वरच्या बाजूला, खांद्यांच्या पात्यांमध्ये, पाठीला चिकटून बसवा. तळाशी ठेवलीत तर ती तुम्हाला मागे खेचते. दर दोन आठवड्यांनी दोनेक किलो वाढवा. ऑगस्टअखेर वीस किलोपर्यंत पोचलं पाहिजे. मोसमाच्या आधीचा आठवडा पूर्ण हलका ठेवा.

काही अनुभवी अमेरिकन तुम्हाला सांगतील की पाण्याचे कॅन भरून वर न्या, माथ्यावर ओतून द्या आणि हलके होऊन उतरा, गुडघे वाचतात. ही माणसं चांगली आहेत, पण हा सल्ला मला पटत नाही. मांस काय माथ्यावर ओतून येणार आहात? गुडघा मुळात दुखरा असेल तर गोष्ट वेगळी. एरवी जेवढं वर नेलं तेवढंच खाली आणा, म्हणून आधीपासून कमी न्या.

जागा म्हणाल तर रेड रॉक्सचं नाट्यगृह सकाळी फुकट असतं, ३८० पायऱ्या, म्हणजे पर्वतीच्या साडेतीनपटीहून जास्त. मॅनिटू इन्क्लाइन या उभ्या चढाच्या २,७६८ पायऱ्या जुलैनंतरच घ्या. आधी नाव नोंदवावं लागतं, आणि पायऱ्यांनी उतरायचं नसतं, बार ट्रेल नावाच्या पायवाटेने खाली या. तो लांब उतार हाच खरा व्यायाम. घराजवळ रोजच्यासाठी लेकवुडचं ग्रीन माउंटन पुरे.

नेमबाजीबद्दल एकच. मैदानात बाकावर बसून मारलेल्या गोळ्यांवर विसंबू नका. चाळीस बैठका काढा, धाप लागलेली असताना रिकाम्या रायफलने नेम धरा, म्हणजे छाती धडधडत असताना दुर्बिणीतला नेमाचा काटा किती हलतो ते कळेल.

उंचीचं. डेन्व्हरला राहतो म्हणून आपल्याला त्रास होणार नाही, या समजात राहू नका. न्यू जर्सी किंवा डॅलसहून नुकते आले असाल तर आणखीच सांभाळा. मोसमाच्या दोन दिवस आधी जाऊन आठ-नऊ हजार फुटांवर झोपा. तंबूत बिअरचा आग्रह होईल, पहिल्या दोन रात्री नाही म्हणा, कोणी रागावत नाही. डोकं दुखून उलट्या व्हायला लागल्या, तोल जायला लागला, तर वाट न बघता खाली उतरायचं.

आणि चाळिशीच्या पुढचे असाल तर एप्रिलमध्येच डॉक्टरांकडे जा. आपल्या लोकांत साखर आणि हृदयाचा त्रास कमी वयात येतो, बारीक माणसांनाही येतो. शाकाहारात वाढलेल्यांनी लोह आणि बी-१२ तपासून घ्या. रक्तात लोह कमी असेल तर दहा हजार फुटांवर कितीही सराव उपयोगी पडत नाही. आमच्यातला एक जण दोन वर्षं "दम कमी पडतो" म्हणत होता, निघाला अ‍ॅनिमिया.

नवरात्र नेमकं मोसमाच्या तोंडावर येतं. नऊ दिवस उपास करून दहाव्या दिवशी डोंगरावर जाऊ नका. देवी समजून घेते. खाण्यासाठी घरून डिंकाचे लाडू आणि कागदात गुंडाळलेली थालीपिठं न्या. दुकानातले बार थंडीत दगड होतात आणि चिक्कीचंही तेच, डिंकाचा लाडू मात्र हातमोजा न काढता दोन घासांत जातो. पाणी तहान लागण्याआधी प्या.

आता आपल्या लोकांबद्दल थोडं. दोन हजार डॉलरची दुर्बीण, आठशेचं जाकीट आणि अंगात एक जिना चढायची ताकद नाही, अशी मुलं मी दर वर्षी बघतो. तो पैसा बुटांवर घालवा आणि तेही जुलैत, म्हणजे मोसमाआधी शंभर मैल तरी चालून ते पायात नीट बसतील. दुसरीकडे मंडळात काही जण शिकारीचं नाव काढलं की पान घेऊन दूर जाऊन बसतात. त्यांच्याशी वाद घालू नका. भारतात १९७२ च्या कायद्याने आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्त्यांनी शिकार बंद झाली. आपण राजे-महाराजांचे वाघावर पाय ठेवलेले फोटो पाहत वाढलो, शिकार म्हटली की तेच डोळ्यांपुढे येतं. इथे तसं नाही. इथल्या वन्यजीव खात्याचा मोठा खर्च आमच्या परवान्यांतून चालतो, किती जनावरं मारायची ते खातं ठरवतं, आणि राष्ट्रीय वनं सगळ्यांची आहेत, कुठल्याही जहागीरदाराची नाहीत. काल आलेला माणूसही तिथे हक्काने चालू शकतो. या देशातली ही गोष्ट मला सगळ्यात आवडते.

हाडं काढायला उन्हाळ्यातच शिका. कसायाकडून बकऱ्याची अख्खी मागची तंगडी आणा आणि घरी ओट्यावर सराव करा. मांसाच्या पिशव्या सावलीत, फांदीला, एकमेकींना न चिकटता टांगायच्या. निघण्याच्या आदल्या रात्री पायाची नखं कापा, उतारावर ती बुटाच्या टोकावर आपटून काळी पडतात.

एप्रिलपासून दर शनिवारी सकाळी साडेसहाला आम्ही चार-पाच जण ग्रीन माउंटन चढतो. पहिल्या दिवशी पाठ रिकामी ठेवून या. मेच्या पहिल्या शनिवारी तांदळाची छोटी पिशवी आणा, टॉवेलात कशी बांधायची ते तिथेच दाखवतो.