बजी पाळताय? या चुका टाळा

"वाटी भरलेलीच आहे की!" यावर कधीही विसंबू नका. बजी हा छोटा पोपट दाणा सोलून आतला गर खातो आणि फोलपट परत वाटीतच टाकतो. त्यामुळे वाटी वरून काठोकाठ दिसते. गणपतीला घरचे सगळे कोकणात जातात, चावी शेजारच्या काकूंकडे असते, "संपलं की दाणे घाला हं" एवढंच सांगून. काकू रोज येतात, भरलेली वाटी बघतात, पाणी बदलतात आणि जातात. मंडळी पाचव्या दिवशी परततात तेव्हा पक्षी पिंजऱ्याच्या तळाशी मेलेला असतो. तीस-चाळीस ग्रॅमच्या जिवाला दोन दिवसांचा उपासही झेपत नाही. यात काकूंची चूक नाही. त्यांना सांगायला हवं होतं: रोज सकाळी वाटी रिकामी करा, पुसून कोरडी करा, एका पक्ष्यामागे दोन लहान चमचे नवे दाणे घाला. नुसती फुंकर मारून फोलपटं उडवणं मला पटत नाही. पावसाळ्यात तळाचे दाणे दमट होतात आणि त्यांना बुरशी धरते.

नुसत्या राळ्या-बाजरीवर ठेवलं तर अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम कमी पडतं. कोथिंबीर, मेथी, किसलेलं गाजर द्या, पिंजऱ्यात कटलबोन (कॅल्शियमसाठी कुरतडायचं माकुळाचं हाड) अडकवा. अ‍ॅव्होकाडो अजिबात नको.

दुसरी डोकेदुखी म्हणजे दुकानदाराने दिलेली अँटिबायोटिकची पिवळी पावडर. पक्षी जरा फुगून बसला की ती पाण्यात कालवतात. आजारी पक्षी मुळात पाणी कमी पितो, कडू लागलं तर आणखी कमी. औषध किती पोटात गेलं ते कळत नाही, आणि त्रास किडीचा असेल तर अँटिबायोटिकचा उपयोग शून्य. शिवाय बजी दुखणं लपवतो. "कालपर्यंत खेळत होता" म्हणणाऱ्यांनी त्याचं वजन कधी केलेलं नसतं. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा पुरतो. आठवड्यातून एकदा, सकाळी खाण्याआधी. पस्तीसचा बत्तीस-एकतीसवर आला, श्वासागणिक शेपटी हलू लागली किंवा तो तळाशी बसू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टर. बरेच जण फक्त कुत्री-मांजरं बघतात, म्हणून आधी फोन करा. मुंबईत परळच्या बैलघोडा (जनावरांच्या) हॉस्पिटलात पक्ष्यांवर उपचार होतात. तोवर पिंजरा तीन बाजूंनी झाका आणि एका टोकाला, बाहेरून, साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब लावा. दुसरं टोक गार राहू द्या, म्हणजे उकडलं तर त्याला सरकता येईल. एलईडी पुरेसा तापत नाही.

वन रूम किचनमध्ये नॉनस्टिक तवा नकोच. जास्त तापला तर त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरतो. धूप, अगरबत्ती, मच्छर कॉइल दुसऱ्या खोलीत.

प्लास्टिकची गुळगुळीत दांडी काढून पेरूची फांदी बसवा.

रात्री दहा-बारा तास अंधार हवा. टीव्हीसमोर झोप होत नाही.

आणल्या दिवशीच रीलसाठी बोटावर बसवण्याची घाई असेल, तर खेळण्यातला पोपट घ्या. पहिला आठवडा हात पिंजऱ्यात फक्त दाणा-पाण्यापुरता.

मादीच्या चोचीवरचा तपकिरी भाग खरवडू नका, तो आजार नसतो. चोचीच्या कडेला स्पंजासारखी पांढरट खपली दिसली तर मात्र ती किडीची असू शकते. तिला तेल चोपडत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.